अर्ज तिचा, अक्षर माझे

(2025 च्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. अनेक सदस्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)

दरवर्षी या व्यासपीठावर प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार अशी विद्वान मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने एका पी-वेच्या माणसाला उभे केले आहे. मी शिकलो नागपूरच्या तंत्रनिकेतनात, सिव्हिलचा डिप्लोमा. रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो आणि आज सीनियर सेक्शन इंजिनिअर आहे. रूळ, स्लीपर, गिट्टी आणि ट्रॅकमन हेच माझे जग. पदवी नाही, म्हणजे बी.एड.चा अर्ज मी स्वतः करायचा म्हटला तरी पहिल्याच रकान्यात बाद होईन. तरी विषय दिला आहे, 'शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांना प्रवेश कसा घ्यावा'. कारण एकच. आमच्या घरात हा अर्ज दोनदा भरला गेला. पहिल्यांदा मी भरला आणि तो फसला. दुसऱ्यांदा सौ.ने भरला आणि तो लागला. या दोन अर्जांमध्ये जे शिकलो तेवढेच सांगणार आहे.

आमचे लग्न 2004 साली झाले. सौ. तेव्हा नुकती बी.एस्सी. झाली होती आणि तिला शिक्षिका व्हायचे होते. पण आपल्या नोकरीचे तुम्हाला माहीतच आहे. गोंदिया, मग डोंगरगड, मग बिलासपूर. प्रत्येक बदलीला क्वार्टर बदलायचे, मुलांची शाळा बदलायची, आणि तिचे बी.एड. 'पुढच्या वर्षी' जायचे. अशी पुढची वर्षे अठरा झाली. मधल्या काळात ती कॉलनीतल्या मुलांना घरी गणित शिकवत असे. त्यांत माझ्याच गँगमधल्या ट्रॅकमनची मुले जास्त. एका खाजगी शाळेत तीन वर्षे शिकवलेही, पण बी.एड. नाही म्हणून एके दिवशी 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले गेले. त्या दिवशी ती घरी येऊन काही बोलली नाही. रात्री एवढेच म्हणाली, "अहो, आता पुढच्या वर्षी म्हणू नका."

हे 2022 साल. ती एकोणचाळीस वर्षांची होती. मी लगेच कामाला लागलो. आपल्याला टेंडर, एस्टिमेट, ब्लॉकचे अर्ज भरायची सवय. मला वाटले, यात काय मोठेसे! दोन ठिकाणी अर्ज केले. एक, छत्तीसगड व्यापमची प्री-बी.एड. परीक्षा. दुसरा, एका विद्यापीठाचा एम.ए. (शिक्षण) हा अभ्यासक्रम. त्याला परीक्षेबरोबर 'आपणास शिक्षणक्षेत्रात का यायचे आहे' यावर एक निवेदन लिहून द्यायचे होते. ते निवेदनही मीच लिहिले. सौ.ने वाचले आणि सही केली.

आता निकाल ऐका. व्यापमच्या परीक्षेत तिला चांगले गुण पडले, कॉलेज मिळाले. कागदपत्रे तपासायला गेलो तर टेबलावरच्या माणसाने पदवी उचलली, आधार उचलले, आणि विचारले, "ये दोनों एकही हैं क्या?" पदवीवर माहेरचे नाव, तेही आपल्या महाराष्ट्राच्या पद्धतीने आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. आधारवर सासरचे नाव, आणि आडनाव शेवटी. मधला दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो आमच्याकडे नव्हता. लग्न अमरावती जिल्ह्यातल्या गावी झाले, पंगत पाचशे पानांची उठली, पण नोंदणी करायची कोणाला सुचलीच नाही. मुदत तीन दिवसांची होती. गावी जाऊन दाखला आणेपर्यंत जागा दुसऱ्याला गेली.

आपल्या भाषेत सांगायचे तर ब्लॉक मिळाला, गाड्या थांबवल्या, आणि साइटवर गेल्यावर लक्षात आले की फिशप्लेट स्टोअरमध्येच राहिल्या! ट्रॅकचे काम करणारा कोणताही माणूस ब्लॉक मिळाल्यावर साहित्य शोधायला निघत नाही. रूळ, स्लीपर, माणसे, हत्यारे सगळे आदल्या दिवशी जागेवर असते. हे मी वीस वर्षे ट्रॅकमनला शिकवतो आहे, आणि घरच्या कामात विसरलो.

विद्यापीठाची मुलाखत मात्र जास्त लागली. तिघे जण बसले होते. त्यांनी निवेदनातले पहिले वाक्य मोठ्याने वाचले. मी लिहिले होते, 'शिक्षण हा राष्ट्राच्या प्रगतीचा पाया असून त्यात आपले योगदान देण्याची माझी तीव्र इच्छा आहे.' मग त्यातल्या एका बाईंनी शांतपणे विचारले, "हे लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता मुलगा होता?" सौ. गप्प राहिली. तिच्या डोळ्यांसमोर कोणी नव्हते, कारण ते तिने लिहिलेच नव्हते. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "त्यांनी मला नापास नाही केलं. तुम्हाला केलं." मंडळी, वीस वर्षांत अधिकाऱ्यांची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण हे वाक्य अजून कानात आहे.

पुढच्या वर्षी तिने मला सांगितले, "धावपळ तुमची, कागद तुमचे. लिहिणं माझं." आणि ही वाटणी अगदी बरोबर होती. म्हणून मीही आज दोन भागांत बोलतो.

पहिला भाग कागदांचा. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, म्हणून आपल्या मुलांचे आणि सुनांचे कागद इतरांपेक्षा जास्त अडतात. दहावी एका राज्यात, बारावी दुसऱ्या, पदवी तिसऱ्या. त्यामुळे एक गोष्ट आजच घरी जाऊन करा. दहावी, बारावी, पदवी, आधार, जातीचा दाखला हे पाच कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नावे अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव आहे की नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त आहे का, सगळे पाहा. लग्न झालेल्या मुली-सुनांची विवाह नोंदणी करून घ्या. उशीर झाला असला तरी नोंदणी होते, आमची अठरा वर्षांनी झाली. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच मागवून ठेवा.

जातीच्या दाखल्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. जातींच्या याद्या राज्यनिहाय असतात. महाराष्ट्रात मागासवर्गात असलेल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्याच्या प्रवेशात तो लाभ आपोआप मिळत नाही. केंद्रीय संस्थांमध्ये मूळ राज्याचा, केंद्रीय यादीप्रमाणे काढलेला दाखला चालतो. ओबीसींसाठी नॉन-क्रीमीलेयर आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठीचा दाखला कोणत्या वर्षाचा हवा ते जाहिरातीत लिहिलेले असते, जुना चालत नाही. स्थानिक रहिवासी दाखल्याचेही तसेच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी राज्यांच्या नियमांत वेगळे कलम असू शकते. ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. शेजारच्या काकांनी तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर विसंबू नका.

आता अभ्यासक्रम कोणता? इथे चूक झाली तर दोन वर्षे आणि पैसे दोन्ही जातात. शिक्षक व्हायचे तर बी.एड. हवे. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांप्रमाणे ते दोन वर्षांचे आहे. पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत 50 टक्के लागतात, आरक्षित वर्गांना सवलत आहे. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्यांना 55 टक्के. बी.एड. झालेल्यांना पुढे एम.एड. आहे. एम.ए. (शिक्षण) हा वेगळा अभ्यासक्रम. त्याला बहुतेक ठिकाणी बी.एड.ची अट नसते. शिक्षणसंस्था, अभ्यासक्रम तयार करणे, संशोधन, स्वयंसेवी संस्था यांत जायचे असेल तर तो उत्तम आहे. पण त्यावर शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक मिळेल असे समजू नका. इग्नूच्या दूरस्थ बी.एड.बद्दल अनेक भगिनी विचारतात. ते घरी बसलेल्या कोणत्याही पदवीधरासाठी नाही. आधी शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समोरासमोर पूर्ण केलेल्यांसाठी, किंवा प्राथमिक शाळेत नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे.

आणि कोणत्या वर्गाला शिकवायचे ते आधी ठरवा. 2018 साली एनसीटीईने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवले होते. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये असते, बी.एड.मध्ये नाही, असा त्यामागचा विचार. याचा फटका आपण लांबून नाही, इथेच पाहिला. 2024 साली आपल्याच बिलासपूरच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर छत्तीसगडमध्ये दोन हजारांहून अधिक बी.एड.धारक प्राथमिक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे 2025 मध्ये सरकारने त्यांना दुसऱ्या पदांवर सामावण्याचा निर्णय घेतला, पण मधले ते महिने त्या घरांनी कसे काढले असतील! त्यात आपल्या ओळखीची मुलेही होती. म्हणून सांगतो, लहान मुलांना शिकवायचे तर डी.एल.एड., सहावीपासून पुढे शिकवायचे तर बी.एड., आणि अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

अर्ज कुठे करावा? एकाच ठिकाणी करू नका. राज्याची परीक्षा आहे. अनेक केंद्रीय विद्यापीठांचे बी.एड., एम.एड. सीयूईटी-पीजीमधून होते, ही परीक्षा 2022 पासून सुरू झाली. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. एनसीईआरटीची ही संस्था 1963 पासूनची. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, गुजरात, गोवा या भागासाठी ती आहे, म्हणजे आपण इथले म्हटले काय आणि तिथले म्हटले काय, दोन्हीकडून तिच्या क्षेत्रात येतो. बारावी झालेल्या मुलांसाठी तर 2023-24 पासून चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. कुठेही पैसे भरण्यापूर्वी त्या कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, कोणत्या अभ्यासक्रमाला आहे आणि किती जागांना आहे, हे तिघेही तपासा. आणि नियम बदलत असतात, त्यामुळे मी सांगितले म्हणूनही विश्वास ठेवू नका, चालू वर्षाची जाहिरात वाचा.

आता एक अवघड गोष्ट. त्या पहिल्या वर्षी जागा गेल्यावर एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले होते. म्हणाले, "साहब, मॅडमको तकलीफ क्यों देते हो? नॉन-अटेंडिंग करा देंगे. सिर्फ पेपर देने आना है." थोडे जास्त पैसे, बस. खोटे कशाला बोलू, मला मोह झाला. घरी येऊन सांगितले. सौ. पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "तुमच्याकडे वेल्डर घेताना सर्टिफिकेट बघता, की वेल्ड बघता?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुळांची दोन टोके जोडणाऱ्या वेल्डरला योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि ते प्रशिक्षणाशिवाय मिळत नाही. कच्चा वेल्ड केलेल्या दिवशी कळत नाही. उन्हाळाभर गाड्या जातात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रूळ आकसतो, आणि तिथेच तडकतो. म्हणून थंडीत आमची माणसे रात्री गस्त घालतात. शिक्षकाचेही असेच आहे. न शिकता घेतलेले प्रमाणपत्र पहिल्या वर्षी कोणाला दिसणार नाही. दहावीत पोहोचलेल्या एखाद्या मुलाच्या आत ते तडकेल, आणि तिथे गस्त घालायला कोणी नसेल. बी.एड.मध्ये वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करायचे असते, ते उगीच नाही. आपल्या समाजातल्या कोणी त्या वाटेला जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती.

दुसरा भाग लिहिण्याचा. तो माझा नाही, सौ.चा आहे. दुसऱ्या वर्षी तिने निवेदन आधी मराठीत लिहिले. म्हणाली, ज्या भाषेत मला राग येतो त्याच भाषेत आधी लिहिते. मग त्याचे इंग्रजी केले. तिची परवानगी घेऊन त्यातला प्रसंग सांगतो.

तिच्याकडे येणारा आमच्या कीमनचा मुलगा, सहावीतला. त्याने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले. तिने लाल शाईची फुली मारली. पुन्हा तेच, पुन्हा फुली. चौथ्या दिवशी तिने विचारले, "असं का लिहितोस रे?" तो म्हणाला, "बाई, दोनमधला एक आणि तीनमधला एक. मिळून पाचमधले दोन." सौ. थबकली. मुलगा आळशी नव्हता, त्याने विचार केला होता. त्याचा विचार कुठे चुकतो ते सांगता येत नव्हते ते बाईंनाच. संध्याकाळी भाकरी थापताना तिला सुचले. अर्धी भाकरी ताटात आहे. त्यात आणखी एक तुकडा घातला तर ती अर्ध्यापेक्षा जास्तच होणार. आणि दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा कमी! दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोर भाकरी ठेवली. त्याने स्वतःच फुली मारली आणि हसला.

तिने निवेदनात शेवटी लिहिले होते, 'मला हे सुचायला चार दिवस लागले, आणि तोवर त्या मुलाने चार फुल्या खाल्ल्या. असे किती मुलांना मी न विचारता फुल्या मारल्या असतील ते मला माहीत नाही. मुलांच्या चुकांमागचा विचार ओळखायला मला शिकायचे आहे.' राष्ट्राची प्रगती त्यात कुठेच नव्हती. मुलाखतीत यावेळी कोणत्या मुलाबद्दल ते विचारावे लागले नाही. चाळीस मिनिटे ती आणि ते तिघे अपूर्णांकांवर बोलत होते. मी बाहेर बाकावर बसून चहा पीत होतो.

तर अर्जातल्या निवेदनाबद्दल एवढेच सांगणे. मोठे शब्द नकोत. एक मूल, एक प्रसंग, त्यात आपल्याला काय जमले नाही, आणि या अभ्यासक्रमातून नेमके काय शिकायचे आहे. शिफारसपत्र हवे असेल तर मोठ्या पदाच्या माणसाकडे जाऊ नका, तुमचे काम पाहिलेल्या माणसाकडे जा. आणि दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, मग तो नवरा असो, बाप असो की सायबर कॅफेवाला. आता तर मोबाइलवर यंत्रही लिहून देते. त्यालाही तो मुलगा माहीत नाही.

दोन्हीकडे तिची निवड झाली. खूप विचार करून तिने एम.ए. सोडून बी.एड. घेतले, कारण तिला वर्गात उभे राहायचे होते. 2023 साली, चाळिसाव्या वर्षी, ती आपल्या मुलाच्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसली. बी.एड.च्या प्रवेशाला एनसीटीईच्या नियमांत वरची वयोमर्यादा नाही. सरकारी भरतीला असते, तो हिशोब आधी करावा. ताराबाई मोडक आठवाव्यात. 1892 सालचा जन्म, आणि 1923 साली, तिशी ओलांडल्यावर, त्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम करायला गेल्या. आपला मुलूख सोडून गेलेली मराठी बाई दुसऱ्या मुलखातल्या मुलांसाठी काय करू शकते, ते त्यांनी दाखवून दिले.

पुरुष मंडळींनाही दोन शब्द. ही दोन वर्षे घरात ब्लॉक असतो, आणि तो तुम्ही द्यायचा असतो. सकाळचा डबा, मुलीची शिकवणी, आलेल्या पाहुण्यांचा चहा, हे सगळे मी शिकलो. पहिल्या महिन्यात माझ्या पोह्यांवर घरात चौकशी समिती बसायची बाकी होती! पण ब्लॉक वेळेत सुटला.

यंदा तिचे बी.एड. पूर्ण झाले. आता ती सहावी ते आठवीला गणित शिकवते. आमच्या कीमनचा तो मुलगा आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत, पण संध्याकाळी येतो. परवा आरतीला आला होता, तोच समोर प्रसाद वाटतो आहे. त्याला विचारा, अर्धा मोदक आणि एक तृतीयांश मोदक मिळून किती. उत्तर तो तोंडी देईल, मोदक मात्र तुम्हाला परत मिळणार नाही.

शेवटी एक विनंती. अर्जांच्या दिवसांत दर रविवारी सकाळी मंडळाच्या या खोलीत सौ. आणि मी बसू. कागद मी जुळवून देईन. निवेदन ती वाचेल, पण लिहून देणार नाही. ते तुम्हीच लिहायचे.

बाप्पा बुद्धीची देवता. त्याच्या साक्षीने एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड!